कागदाला हात लावायचा नाही

जून आला की कोणाचे तरी आईबाबा हा प्रश्न विचारतातच: "मॅडम, तुम्ही पोरांच्या चित्रावर हात नाही का फिरवत?" आवाज गोड असतो, पण आत तक्रार असते. आधीच्या क्लासमधून मुलगी महिन्याला एखाददोन 'कम्प्लीट' चित्रं घरी आणायची. सोफ्यामागच्या भिंतीवर लावता येतील, पाहुण्यांना दाखवता येतील अशी. माझ्याकडून पावसाळाभर काय येतं, तर कोळशाने बरबटलेली न्यूजप्रिंटची भेंडोळी. त्यावर खुर्चीही धड नाही, खुर्चीच्या मधली नुसती भोकं. फी भरणाऱ्या माणसाने विचारू नये तर काय करावं?

नाही फिरवत. नागपुरात, गोकुळपेठेत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर माझा चित्रकलेचा स्टुडिओ आहे. सकाळी बी.एफ.ए.च्या, म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या, प्रवेशाची तयारी करणारी पोरंपोरी येतात, संध्याकाळी नोकरी-संसारातून वेळ काढणारी मोठी माणसं. दोन्ही बॅचना पहिल्याच दिवशी सांगून टाकते: तुमच्या कागदावर माझी रेघ उमटणार नाही. पेन्सिलने नाही, ब्रशने नाही, बोटाने पुसूनही नाही. तुमच्या डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर, मी बसेन, तुम्ही जे बघताय तेच बघेन, पण हात मागे बांधून.

हात फिरवणं म्हणजे काय ते चित्रकलेच्या क्लासला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण तासभर सुरईशी झटापट केलेली असते. सर येतात, "सरक जरा" म्हणतात, सिक्स-बीच्या मऊ, काळ्या पेन्सिलने चार जागी दाब देतात, रबराच्या कोपऱ्याने एक हायलाइट उचलतात आणि उठतात. सुरई कागदातून बाहेर आलेली असते. अख्खा वर्ग मागे उभा राहून बघत असतो. मी ज्या सरांकडे शिकले त्यांचा हात इतका देखणा होता, की तो फिरताना बघायला मिळावा म्हणून आम्ही मैत्रिणी मुद्दाम चित्र अर्धवट ठेवायचो. वाईट शिक्षक नव्हते ते, मुळीच नाही. पण आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या सुरया एकसारख्या दिसायच्या, आणि त्या सरांच्या सुरया होत्या.

आता यावर लगेच कोणी म्हणेल, मग शिकवता काय? तर एक उदाहरण देते.

चहाची अ‍ॅल्युमिनियमची किटली टेबलावर ठेवली की जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी झाकणाची कड छान लंबगोल काढतो आणि बूड मात्र पट्टी मारल्यासारखं सपाट. कारण बूड टेबलाला टेकलंय हे त्याला माहीत असतं, आणि टेबल सपाट असतं हेही माहीत असतं. दिसत असतं वेगळंच. किटली नजरेच्या खाली असेल तर वरच्या कडेचा इलिप्स चपटा दिसतो आणि बुडाचा त्याहून फुगीर, कारण बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं. हात फिरवणारा शिक्षक बुडाला एक बाक देऊन पुढच्या पोराकडे जातो. काही सेकंदांचं काम.

मी काचेची बरणी आणते. अर्धी पाण्याने भरते, पाण्यात थेंबभर शाई, आणि त्या विद्यार्थ्याला चक्क उठबशा काढायला लावते. उभा राहा, पाण्याचा काठ बघ, किती गोल दिसतो. आता हळूहळू खाली बस. चपटा झाला. अजून चपटा. डोळे पाण्याच्या बरोबरीला आले की एकच रेघ उरते. आणखी खाली गेलास की तेच पाणी खालच्या बाजूने दिसायला लागतं. पुन्हा उठ. आता किटलीकडे बघ आणि सांग, बूड कुठल्या पातळीचं पाणी आहे? बाकीचे हसतात, गुडघे दुखतात, वीसेक मिनिटं जातात. पण नंतर त्या मुलाला ताट, बादली, विहिरीचा काठ, दीक्षाभूमीचा घुमट, यातलं काहीही परत वेगळं शिकवावं लागत नाही.

दाखवावं तर लागतंच, तोंडाने सगळं शिकवता येत नाही. दाखवताना मी माझ्या कागदावर, माझ्या जागेवरून काढते. तिथून किटलीची चोच डावीकडे दिसते, त्याच्या जागेवरून ती थेट त्याच्या अंगावर येते. त्यामुळे माझी रीत त्याला उचलता येते, रेघ उचलायचं ठरवलं तरी जमत नाही. मग तो कागद मी चुरगाळून टाकते. पहिल्या वेळी पोरं दचकतात. "मॅडम, फेकता काऊन? आम्हाले द्या ना!" म्हणूनच फेकते, बाळा.

हा सगळा हट्ट काही तत्त्वासाठी नाही. कामठीहून येणारी एक मुलगी आहे, हाताला फार गोडवा. पोर्ट्रेट करत होती. मॉडेल म्हणून गोकुळपेठ बाजारात भाजी विकणाऱ्या एक आजी बसतात. बसल्या बसल्या झोपतात, पण मान हलत नाही, म्हणून मला प्रिय. मुलगी तीन बैठका नाकावर अडली होती. "मॅडम, एकच रेघ. फक्त नाकाची. मी कोणाला सांगणार नाही." अगदी रडायच्या बेताला आली होती. मी तिच्या हातात ओळंबा दिला. गवंड्याचा असतो तोच, दोऱ्याला लटकवलेलं वजन. हात लांब करून तो आजींच्या कपाळासमोर धर आणि दोरा चेहऱ्यावर कुठून कुठून जातो ते सांग. ती सांगू लागली: भुवयांच्या मधून, नाकपुडीच्या बाहेरून, ओठांच्या कोपऱ्यावरून, गळ्यातल्या काळ्या पोतीच्या वाटीवरून. मग तोच दोरा तिच्या चित्रासमोर धरला. चित्रात ती वाटी कुठल्या कुठे गेली होती. आजींचं डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं होतं, हिने ते सरळ बसवलं होतं. नाकात काहीच चूक नव्हती, चूक मानेत होती.

मी तिची ती एक रेघ मारली असती, तर चुकीच्या डोक्यावर एक बरोबर नाक बसलं असतं. शिक्षक उभ्या उभ्या, एका नजरेत जे दुरुस्त करतो ते बहुतेक वेळा दुखणं नसतंच. दुखणं दुसरीकडे असतं आणि इथे फक्त सूज दिसते. तिने ते पोर्ट्रेट पुसलं नाही, शेजारी नवीन सुरू केलं. दोन्ही कागद तिने ठेवले आहेत.

पुसण्यावरून आठवलं. आजकाल बरेच शिक्षक खोडरबरावर बंदी घालतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. मला ते पटत नाही. कोळशाच्या कामात रबर हे काढायचंच साधन आहे, काळ्यातून उजेड उचलायचं. माझं म्हणणं एवढंच की बरोबर रेघ सापडेपर्यंत चुकलेली रेघ पुसू नका. ती आहे म्हणून तर कळतं, किती आत जायचं आणि किती बाहेर. पुसलीत की पुन्हा अंधारात चाचपडणं, आणि माणसाचा हात इतका इमानी असतो की पुन्हा बरोब्बर त्याच चुकीच्या जागी जातो.

कागदाला हात लावत नाही, पण हत्यारं हाताळायला शिकवताना मात्र हाताला धरूनच शिकवते. तिथे प्रश्न विचारत बसणं म्हणजे वेळकाढूपणा. ब्लेडने पेन्सिलला लांब टोक कसं काढायचं, कोळशाची कांडी आडवी कशी धरायची, हात मनगटातून न हलवता खांद्यातून कसा हलवायचा, धुतलेला ब्रश केस खाली करून का ठेवायचा नाही, हे सरळ सांगायचं असतं. आणि जलरंग. नागपुरात जलरंग शिकवणं हा वेगळाच उद्योग आहे.

जलरंगाची पुस्तकं बहुतेक थंड, ओलसर हवेत लिहिलेली. त्यांत म्हटलेलं असतं की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिल्यावर शांतपणे थांबा, रंग एकमेकांत मिसळू द्या. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, कूलर खसाच्या ताट्यांतून वारा फेकत असतो आणि कागदाच्या वरच्या कडेला दिलेला रंग ब्रश खालच्या कडेला पोचायच्या आत वाळलेला असतो. आभाळात पट्टे पडतात. पोरं म्हणतात, आम्हाला जमत नाही. जमत नाही असं नाही, तुम्ही लंडनचं आभाळ काढायला बसला आहात. उन्हाळ्यात आम्ही कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर ताणून गमटेपने चिकटवतो, वाटीत लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच कालवून ठेवतो, हातात सापडेल तो सगळ्यात मोठा ब्रश घेतो, पाण्यात ग्लिसरिनचे दोन थेंब टाकतो आणि कूलरचं तोंड भिंतीकडे वळवतो. शेवटच्या गोष्टीवर दरवर्षी भांडण होतं. बाहेर जायचं तर उजाडताच फुटाळा तलावावर, आणि उन्हं चढायच्या आत परत. पावसाळ्यात सगळं उलटं. एक वॉश वाळायला अर्धी सकाळ जाते, पोस्टर कलरच्या बाटलीत बुरशी धरते, कागद पापडासारखा मऊ पडतो. तेव्हा मी जलरंग बंदच ठेवते आणि कोळसा, शाई, बोरू काढते. वेळापत्रक हवा ठरवते, मी नाही.

पोळ्याच्या आसपास वर्ग खोलीत भरतच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीत मारबती, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, सोबत बडगे, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांचा ज्यावर राग त्याचे पुतळे. विद्यार्थ्यांना छोटी वही आणि काळा पेन घेऊन त्या गर्दीत सोडायचं. "घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्या चाललेल्या, कोणी स्थिर नाही, मागून धक्के. अशा वेळी डोळे-नाक काढत बसणाऱ्याची वही कोरी राहते. वाकलेली पाठ, उंच केलेला हात, खांद्यावरचं पोर, एवढं दहा-पंधरा सेकंदांत पकडायचं आणि पान उलटायचं. वर्गात घड्याळ लावून जेश्चर ड्रॉइंग करून घेता येतं, पण तिथे मॉडेल आपल्यासाठी थांबलेलं असतं. इथे कोणालाच तुमची पर्वा नसते, आणि त्याने फार फरक पडतो. लाजणाऱ्या पोरांना मी आधी अजब बंगल्यात नेते. १८६३ सालचं ते संग्रहालय; तिथले पेंढा भरलेले प्राणी तक्रार करत नाहीत, कितीही वेळ बघा. मग तिथून निघून महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात, जिवंत हरणांसमोर. एकाच दिवशी दोन्ही केलं की पोरांना आपोआप कळतं, सकाळच्या चित्रांत आपण केस मोजत बसलो होतो.

मारबतीनंतर लगेच गणपती, म्हणून त्याच आठवड्यात मूर्तिकारांच्या चितारओळीत चक्कर असते. माझ्या सगळ्या नियमांची तिथे पंचाईत होते, आणि म्हणूनच मी नेते. गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालू असते. म्हातारा कारागीर बारीक ब्रश घेऊन बसतो, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवतो, श्वास धरतो आणि पापणीची रेघ एका दमात ओढतो. शेजारी घरातला पोरगा सोंडेवरची नक्षी करत असतो. आजोबा मधेच हात लांब करतात, पोराच्या रेघेवरूनच आपली रेघ फिरवतात, एक शब्द बोलत नाहीत. पोरगा पुढे सुरू. वर्षानुवर्षं असंच.

गेल्या वेळी आमच्यातल्या एकाने तिथेच मला गाठलं. "मॅडम, हे तं हातच फिरवून राहिले ना!" फिरवूनच राहिले होते. मी त्याला तिथल्या तिथे फार काही सांगितलं नाही, कारण गल्लीत उभं राहून व्याख्यान देणं शोभत नाही. पण माझं उत्तर तयार आहे. ती मूर्ती त्या पोराची नाही आणि आजोबांचीही नाही. ती घराची आहे, गिऱ्हाइकाची आहे, दहा दिवसांनी पाण्याची आहे. तिथे सगळ्यांचे हात एकसारखे चालले पाहिजेत, नाहीतर एका डोळ्याचा गणपती आजोबांचा आणि दुसऱ्याचा नातवाचा होईल. तो पोरगा लहानपणापासून रोज त्या ओळीत बसतो, म्हणून आजोबांची रेघ त्याच्या हातात मुरते. माझ्याकडे येणारी मुलं आठवड्यातून थोडे तास येतात आणि त्यांना स्वतःच्या नावाने चित्र काढायचं असतं. दोन वेगळी कामं आहेत. आखणीची पद्धत मला कमी दर्जाची वाटते असं कोणी समजू नये. उलट, ब्रश कसा धरावा हे माझ्या विद्यार्थ्यांनी माझ्यापेक्षा त्या आजोबांकडून जास्त शिकलं आहे. खरं तर मीसुद्धा.

मग दिवाळीच्या सुमारास संत्री. नागपुरात राहून संत्रं काढलं नाही तर लोक काय म्हणतील, अशी थट्टा मी दरवर्षी करते, पण यामागे मोठा डाव असतो. पोरांना सांगते, संत्रं काढा, ऑरेंज रंगाची ट्यूब मात्र बॅगेतच राहू द्या. सगळे खूश, कारण हे सोपं वाटतं. अर्ध्या तासात टेबलाभोवती केशरी चेंडू तयार होतात. कंपासने मारल्यासारखे गोल, एका बाजूला काळं मिसळून केलेली सावली, दुसऱ्या बाजूला पांढरा ठिपका.

काटोलकडचा एक पोरगा आहे, घरची संत्र्याची बाग. तो काही काढत नव्हता, संत्रं हातात घेऊन फिरवत होता. मी म्हटलं, अरे सुरू कर. तर म्हणतो, "मी तं पाहूनच राहिलो ना मॅडम. यांनी सगळ्यांनी मोसंबी काढली." वर्ग हसला, पण मला खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. त्याने सगळ्यांना दाखवलं: संत्रं गोल नसतं, वरून-खालून दबलेलं असतं. साल आतल्या फोडींना घट्ट धरून नसते, सैल असते, म्हणून देठाजवळ थोडी उंच होते आणि तिथे चुण्या पडतात. मोसंबीची साल चिकटलेली, म्हणून ती गुळगुळीत. आणि हे आंबिया बहाराचं फळ आहे, लवकर तोडलेलं, म्हणून यात एवढा हिरवटपणा. थंडीच्या रात्री पडल्याशिवाय सालीला रंग चढत नाही. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चात येतं, ते बघा मग.

तीस वर्षांचं शिकवणं त्या पोराने पाच मिनिटांत उरकलं. त्यानंतर कोणाला सांगावं लागलं नाही की या फळात लिंबाचा पिवळा आहे, शेवाळी हिरवा आहे, आणि केशरी असा फक्त एका गालावर आहे. सावलीचं तेवढं मी बघितलं. काळा रंग घातला की फळ सडल्यासारखं दिसतं. त्याच केशरीत थोडा अल्ट्रामरीन निळा घाला, तो रंग मरतो पण मळत नाही. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीन कमी-जास्त करून किती करडे निघतात त्याची एक पट्टी प्रत्येकाने करायची. उबदार करड्यापासून गार करड्यापर्यंत. ही पट्टी ज्याने मन लावून केली, त्याची काळ्या रंगाची ट्यूब मग तशीच पडून राहते.

आता परीक्षा. मी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शालेय चित्रकला परीक्षांच्या विरोधात नाही. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीत ७ गुण वाढतात. ते मिळवायला हवेत, कोणी का सोडावेत? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, याचा वेगळा सराव मी घेते आणि त्याला सराव असंच म्हणते. वेळ कसा वाटायचा, कागदावर वस्तू कुठे बसवायच्या, परीक्षकाला लांबून काय दिसतं. ती युक्ती आहे, शिकून घ्या आणि वापरा. पण सकाळच्या तासाला ती आणू नका. प्रवेश परीक्षेचंही तसंच.

आणि मग असतात थेट अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त चित्रं, करायला आलेले. "मॅडम, ते किटली-बिटली नको, मला डायरेक्ट रझासारखं करायचं आहे." याला मी कधी हसत नाही, कारण नागपूरकराने असं म्हणावं हे एका अर्थी रास्तच आहे. चित्रकार एस. एच. रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग १९४३ मध्ये मुंबईला गेले. दुसरे मोठे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे, त्यांचा तर जन्मच नागपूरचा, १९२४ चा. पण मी त्या पोरांना रझांची चाळिशीच्या दशकातली जलरंगातली मुंबई दाखवते, रस्ते, घरं, पाऊस. त्यांची ओळख बनलेला बिंदू फार नंतर आला. आणि बिंदूची गोष्ट तर रझा स्वतःच सांगायचे: मंडला जिल्ह्यातल्या गावच्या शाळेत चुळबुळ्या पोराला मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि याच्याकडे बघत बस म्हणाले. ते मास्तर चित्रकलेचे नव्हतेच, प्राथमिक शाळेचे होते.

गायतोंडेंचं नाव मी जास्त करून वडिलांसाठी राखून ठेवलं आहे. "यात पुढे स्कोप काय?" असं विचारणारे वडील आले की मी सांगते, २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं. वडील सरळ बसतात. मग पुढचं वाक्य: ते गेले २००१ मध्ये. वडील परत मागे टेकतात. यानंतर आमचं बोलणं खऱ्या अर्थाने सुरू होतं. अ‍ॅनिमेशन, टेक्स्टाइल, शाळेतली नोकरी, त्यासाठीची कलाशिक्षकाची पदविका ए.टी.डी., आणि हेही की मुलगा कदाचित यातलं काहीच करणार नाही.

शनिवारी भिंत. आठवड्याचं सगळं काम टाचण्यांनी लावायचं, नाव मागच्या बाजूला. 'छान', 'मस्त' आणि 'जबरदस्त' या शब्दांना बंदी. 'मला आवडलं' हेही शेवटी. आधी काय दिसतंय ते बोलायचं. सगळ्यात गडद जागा कुठे आहे? डोळा कुठून आत शिरतो, कुठून बाहेर पडतो? ज्याचं चित्र आहे त्याने तोपर्यंत गप्प राहायचं. सुरुवातीला सगळ्यांना हे फार जड जातं. नागपूरचा माणूस तोंडावर वाईट बोलायला कचरत नाही, पण नेमकं बोलायला कचरतो.

इथे उपयोगी पडतात ते संध्याकाळच्या बॅचमधले काका, जे शनिवारी मुद्दाम सकाळच्या पोरांत येऊन बसतात. वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीतून, निवृत्त. सगळी नोकरी खाणींचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे त्यांची रेघ अशी की खालून ट्रक जाईल. त्यांना मी बोरू आणि पातळ शाई दिली आहे, रेघ जरा तरी बिघडावी म्हणून. अजून बिघडलेली नाही. पण चित्रातला उजेड कुठल्या कोनातून येतोय हे त्यांच्यासारखं कोणाला दिसत नाही.

त्या काटोलच्या पोराचं संत्रं भिंतीवर लागलं तेव्हा बाकीचे वाकून वाकून बघत होते. देठाजवळची चुणी, सालीचा हिरवा, सगळं. कोणीतरी 'जबरदस्त' म्हणून गेलंच. काका चष्मा कपाळावर चढवून पुढे आले. म्हणाले, "फळावरचा उजेड खिडकीचा आहे आणि टेबलावरची सावली ट्यूबलाइटची आहे." पोरगा गप्प राहायचा नियम विसरला. "नाही काका, एकाच वेळी काढलं." काका म्हणाले, "एकाच वेळी काढलं असेल, एकाच वेळी पाहिलं नाही." वाद पेटला. कोणी म्हणे खिडकी, कोणी म्हणे ट्यूब. शेवटी मी सांगितलं, संत्रं आणा आणि टेबल जागेवर लावा. ट्यूब बंद केली, पुन्हा लावली, खिडकीची ताडपत्री वर केली, खाली केली. भिंतीचा तास तिथेच मोडला आणि सगळे टेबलाभोवती सावल्या मोजत बसले, काकांसकट.

सावली ट्यूबचीच निघाली. पोराने भिंतीवरून चित्र काढलं, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि खिडकीशी डाँकी ओढली. काका त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि सवयीने त्यांचा हात पुढे गेला. मी तिकडून ओरडले, "काका!"

"नाही लावत, नाही लावत," ते म्हणाले. "फक्त दाखवून राहिलो."